पुण्याला अपुरी, गुहागरला पुरेशी

जानेवारी २०२० मध्ये टाटांची नेक्सॉन ईव्ही ही विजेवर चालणारी गाडी बाजारात आली, तेव्हा तिची शोरूम किंमत १३ लाख ९९ हजारांपासून सुरू होत होती. त्या सुरुवातीच्या गाड्या आम्ही सेकंडहँड शोधायला लागलो तेव्हा निम्म्या भावाच्या आसपास मिळत होत्या. भाव इतका उतरला म्हणजे नक्कीच काहीतरी खोट असणार, असं वाडीतल्या प्रत्येकाने सांगितलं. नातेवाइकांचंही तेच मत. बॅटरी बसली की गाडी भंगारात, हे वाक्य तर इतक्यांदा ऐकलं की उत्तर देणंच सोडून दिलं. पण गाडी शोधण्यात, तिची बिलं चाळण्यात आणि घरची वीज तिच्याजोगी करून घेण्यात जे महिने गेले, त्यांत माझं मत पक्कं झालं. शहरातल्या माणसाला ही गाडी ज्या टप्प्यावर तोकडी पडायला लागते, त्याच टप्प्यावर ती आम्हा कोकणातल्या घरांच्या आवाक्यात येते, आणि आमचं काम तिच्यात व्यवस्थित भागतं. किमतीचंच तेवढं बोलत नाही, अंतराचंही बोलते आहे.

आमचं घर गुहागर तालुक्यात, समुद्रापासून हाकेच्या अंतरावर. मी शाळेत विज्ञान शिकवते. सासूबाईंना नियमाने डेरवणच्या हॉस्पिटलात न्यावं लागतं. एसटीने जायचं तर चिपळूणला उतरून पुन्हा दुसरी गाडी, आणि गुडघ्यांमुळे त्यांना एसटीची पहिली पायरीच चढवत नाही. गाडी हवी होती ती त्यांच्यासाठी. बाकी आमच्या येण्याजाण्याचा परीघ लहानच. चिपळूण पंचेचाळीस किलोमीटर, म्हणजे जाऊन येऊन नव्वद. डेरवण तिथून पुढे सावर्ड्याच्या बाजूला, जाऊन येऊन एकशे तीसच्या घरात. माझं माहेर दापोलीला, पण धोपाव्याला फेरीबोटीत गाडी चढवली की पलीकडे दाभोळ. रत्नागिरीला जायचं तर तवसाळहून जयगडची फेरी आहे. मुंबईला आम्ही चिपळूणहून रेल्वेनेच जातो आणि पुढेही तसंच जाणार.

आता या परिघावर ती गाडी ठेवून पाहा. पहिल्या नेक्सॉन ईव्हीत ३०.२ किलोवॉट-अवरची बॅटरी आहे, म्हणजे विजेच्या बिलाच्या भाषेत तीस युनिटं. एआरएआय या वाहनं तपासणाऱ्या संस्थेच्या चाचणीत तिची रेंज, म्हणजे एका चार्जमध्ये जायचं अंतर, ३१२ किलोमीटर भरली. प्रत्यक्ष रस्त्यावर, एसी लावून, चढउतार धरून, ती दोनशेच्या आसपास राहते. पाच वर्षांच्या वापराने त्यातला दहावा हिस्सा गेला असं धरलं तरी एकशे ऐंशी उरले. डेरवणला जाऊन घरी आलं तरी पन्नास किलोमीटर गाठीला. आमच्या भागात पेट्रोल पंपासाठी वाकडी वाट करावी लागते, वीज मात्र पडवीपर्यंत आलेली आहे.

शोध साहजिकच जवळपास सुरू झाला, आणि तिथेच पहिला धडा मिळाला. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी चिपळुणात शिरलं. तळमजले बुडाले, रस्त्यारस्त्यांवर गाड्या चिखलात रुतल्या. त्याच आठवड्यात कोल्हापूर-सांगलीकडेही पूर होता. त्यामुळे २०२० किंवा २०२१ च्या पूर्वार्धातली गाडी या पट्ट्यात दिसली की ती त्या जुलैत कुठे उभी होती, हा प्रश्न आधी विचारायला हवा. गाडीच्या मालकाला वाईट वाटेल म्हणून तो गिळू नये.

हायवेलगत एकाकडे पांढरी, तकतकीत गाडी दाखवली होती. आत अत्तराचा वास. माझे दीर गॅरेजवाले. ते बॉनेटकडे गेलेच नाहीत. मागच्या सीटवर बसले आणि सीटबेल्ट सावकाश ओढायला लागले. आपण रोज बसतो तेव्हा पट्टा दोन हात बाहेर येतो, उरलेला खांबाच्या आत गुंडाळलेलाच राहतो. तो कोणी धूत नाही. भाऊजींनी तो पार शेवटापर्यंत बाहेर काढला. शेवटच्या वीतभर भागात विणीमध्ये मातकट रंगाचा आडवा पट्टा होता. नखाने खरवडल्यावर त्यातून वाळलेल्या गाळाची बारीक भुकटी सीटवर पडली. मग त्यांनी सीटखालचे लोखंडी रूळ दाखवले, तिथे गंजाचे पोपडे. स्टेपनीच्या खळग्यात, रबराच्या मॅटखाली तोच गाळ. आम्ही चहा घेतला आणि निघालो.

विजेच्या गाडीच्या बाबतीत हे जास्त जिवावरचं आहे. तिच्या बॅटरीच्या पेटीला आयपी ६७ दर्जा असतो. याचा अर्थ धूळ आत जात नाही आणि एक मीटर खोल पाण्यात अर्धा तास राहिली तरी पाणी शिरत नाही. पावसात, रस्त्यावरच्या डबक्यात त्याची काहीच चिंता नाही. पण पुराचं पाणी अर्ध्या तासात ओसरत नाही, ते चिखलाचं असतं, आणि पेटी शाबूत राहिली तरी बाहेरची कनेक्टर, वायरिंग, छोटी बारा व्होल्टची बॅटरी, सगळी इलेक्ट्रॉनिक्स त्यात भिजलेली असते. अशी गाडी कितीही स्वस्त मिळाली तरी घेऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे.

शेवटी गाडी मिळाली पुण्यात, कोथरूडला. नवरा-बायको दोघेही नोकरीवाले, पहिलेच मालक. विकण्याचं कारण त्यांनी सरळ सांगितलं. वहिनींचं माहेर सोलापूरला, अडीचशे किलोमीटर. गाडी नवी असतानाही वाटेत एकदा थांबावं लागायचं, आता लहान मूल घेऊन तो थांबा नकोसा झाला होता. त्यांना मोठ्या बॅटरीची गाडी हवी होती. माझ्या डोक्यातलं गणित तिथेच सुटलं. त्यांना जे कमी पडत होतं ते आम्हाला कधी लागणारच नव्हतं.

पण बॅटरीचं खरं वय ओळखायचं कसं? गाडीचं रनिंग ४१ हजार किलोमीटर दाखवत होतं. इंजिनाच्या गाडीला एवढी माहिती बरीच झाली. इथे गाडी कशी चार्ज केली, हे रनिंगइतकंच महत्त्वाचं. घरच्या सॉकेटवर रात्रभर सावकाश भरलेली बॅटरी आणि रोज हायवेच्या फास्ट चार्जरवर तापवलेली बॅटरी, दोघींचं रनिंग सारखं असलं तरी आयुष्य सारखं नसतं. हे शोधायचा मार्ग सापडला तो त्यांच्या सोसायटीच्या मेंटेनन्सच्या बिलात. पार्किंगमधल्या त्यांच्या चार्जिंग पॉइंटला वेगळा सबमीटर होता आणि दर महिन्याची युनिटं बिलात छापलेली. वहिनींनी सगळी बिलं फाइलला लावून ठेवली होती. मी त्यांच्याच जेवणाच्या टेबलावर बेरीज मारली. ५,९०० युनिटं. चार्जरमध्ये उष्णता होऊन जाणारी वीज धरली तर मीटरवरच्या एका युनिटात ही गाडी साधारण सहा किलोमीटर जाते. ४१ हजारांना सहाने भागलं की ६,८०० च्या पुढे येतात. म्हणजे फरक नऊशेच युनिटांचा. तेवढी वीज बाहेर कुठेतरी भरली होती, साधारण आठवा हिस्सा, आणि ती सोलापूरच्या वाटेवरच्या फास्ट चार्जरवर. सांगितलेली गोष्ट आणि बिलं जुळली. रनिंग मागे फिरवलेलं नाही याचाही पुरावा त्यातच मिळाला, तो वेगळा शोधावा लागला नाही.

दुसरी परीक्षा मी त्यांना विनंती करून घेतली. गाडी वीस टक्क्यांवर आणायची, सबमीटरचा फोटो काढायचा, रात्रभर चार्ज करून शंभरला न्यायची आणि सकाळी पुन्हा फोटो. नव्या बॅटरीत वीस ते शंभर म्हणजे चोवीस युनिटं, वाटेतली गळती मिळवली की मीटरवर सत्तावीसच्या आसपास. त्यांच्या मीटरवर चोवीस युनिटं आणि थोडी वर फिरली. म्हणजे बॅटरी नव्वद टक्क्यांच्या आसपास शाबूत. हिशेब ढोबळ आहे, मान्य. म्हणून सर्व्हिस सेंटरमधून बॅटरीच्या तब्येतीचा रिपोर्टही मागवला, तो ९२ टक्के आला. दोन वेगळ्या वाटांनी जाऊन उत्तर जवळजवळ एकच आलं की वर्गात मुलांना जो आनंद होतो तोच मला झाला. या गाड्यांच्या बॅटरीतला रासायनिक प्रकार लोह-फॉस्फेटचा आहे. तो टिकाऊ असतो, फक्त अधूनमधून शंभर टक्के भरावा लागतो, नाहीतर काटा नेमका आकडा दाखवत नाही.

कागदपत्रांत फार अडकले नाही. बॅटरी आणि मोटरची वॉरंटी ८ वर्षं किंवा १ लाख ६० हजार किलोमीटर, जे आधी होईल ते. ती दुसऱ्या मालकाच्या नावावर चालू राहते का आणि सर्व्हिस चुकली असेल तर काय, हे सर्व्हिस सेंटरकडून लेखी घेतलं. पुणे आरटीओची एनओसी म्हणजे ना-हरकत पत्र, मालकी बदलाचे फॉर्म २९ आणि ३०, आणि रत्नागिरीत नावावर चढवणं. राज्यातल्या राज्यात नंबर बदलत नाही, त्यामुळे हिरव्या पाटीवर एमएच-१२ च राहिलं. थेट मालकाकडून घेतल्यामुळे जीएसटीचा प्रश्न आला नाही. गाडीच्या व्यापाऱ्याकडून घेतली असती तर त्याच्या नफ्याच्या रकमेवर १८ टक्के लागतो आणि तो कुठे ना कुठे आपल्या किमतीत येतोच.

गाडी घरी आणायच्या आधी घर तयार करायचं होतं, आणि कोकणात खरी कसोटी इथे आहे. चार्जर प्लगमध्ये घातल्यावर आधी अर्थिंग, म्हणजे गळती झालेली वीज जमिनीत उतरवणारी जोडणी, तपासतो. ते नीट नसेल तर तो चार्ज करायला साफ नकार देतो, आणि ते योग्यच आहे, कारण ती माणसाच्या जिवाची काळजी आहे. आमच्या जुन्या घरात अर्थिंगची वायर होती, पण ती जमिनीत कुठे जात होती हे कोणालाच ठाऊक नव्हतं. आमच्या वाडीचे वायरमन आले. व्होल्टेज मोजायच्या मीटरची एक सुई सॉकेटच्या न्यूट्रलमध्ये, दुसरी अर्थमध्ये घालून त्यांनी आकडा मला दाखवला. चाळीसच्या वर व्होल्ट.

"बाई, हा अर्थ नुसता नावाला हाय. खाली कातळ. जांभ्यात करंट जिरतंच नाय."

खरं होतं त्यांचं. सड्यावरचा, म्हणजे इथल्या कातळाच्या पठारावरचा, जांभा दगड पावसाळ्यात पाणी पितो आणि मार्चनंतर ठणठणीत कोरडा पडतो. कोरड्या दगडात वीज उतरायला वाट नसते. ते घराभोवती फिरले, पडवीपाशी पहार मारून पाहिली, अंगणाच्या कोपऱ्यात मारून पाहिली, आणि मागच्या दारी जाऊन थांबले. तिथे मोरीचं पाणी पाटाने केळींना जातं. बारा महिने ओल असते, मातीही खोल. "हितं," ते म्हणाले. सासूबाईंच्या केळीचा एक गड्डा हलवावा लागला, त्याला त्यांनी आढेवेढे घेतले नाहीत. पुरुषभर खोल खड्डा, तळाशी तांब्याचा पत्रा, त्यावर कोळसा आणि खडेमिठाचे थर, वरून पाणी घालायला पाइप. दुसऱ्या दिवशी तीच सुई, तोच सॉकेट, आकडा दोन व्होल्टच्या खाली. मी पुढच्या आठवड्यात नववीच्या मुलांना तो खड्डा दाखवायला घेऊन आले. पुस्तकातली आकृती पाठ करून जे त्यांना कळलं नव्हतं ते केळीच्या बुंध्याशी पाच मिनिटांत कळलं.

बाकी कामं त्यामानाने सरळ. चार्जर सगळी रात्र तीन किलोवॉटहून जास्त ओढतो, फ्रिज-मिक्सरच्या जुन्या वायरीवर तो लावायचा नाही. मीटरच्या बोर्डापासून चार स्क्वेअर एमएमची स्वतंत्र तांब्याची वायर, भार जास्त झाला की वीज तोडणारा स्वतःचा एमसीबी आणि गळती झाली की तोडणारा आरसीसीबी, आणि मंजूर भार वाढवून घेण्याचा अर्ज. आमच्याकडे दिवेलागणीनंतर व्होल्टेज खाली येतं, म्हणून चार्जिंग रात्री अकरानंतर लावतो.

पुण्याहून गाडी आणली ती साताऱ्याच्या पुढे उंब्रजहून वळून, मल्हारपेठ, पाटण, कोयनानगर करत कुंभार्ली घाटाने. हायवेला एकदा चार्ज केली होती. या घाटाबद्दल मला बोलायलाच हवं. वरच्या कोयनानगरपासून खाली चिपळूणच्या बाजूपर्यंत जवळजवळ सहाशे मीटरची उतरण आहे. गाडीचं वजन चौदाशे किलो, त्यात आम्ही चौघं आणि सामान, म्हणजे सतराशे. हे वजन सहाशे मीटर खाली येताना जेवढी ऊर्जा सोडतं ती पावणेतीन युनिटं भरते. इंजिनाच्या गाडीत ती सगळी वाया जाते, बरीचशी ब्रेकच्या चकत्यांत तापून, घाट उतरल्यावर जळका वास येतो तो तिचाच. विजेच्या गाडीत पाय उचलला की मोटरच उलटी जनित्र होते. वारा आणि टायर आपला वाटा घेतात, उरलेली परत बॅटरीत जाते. घाटमाथ्यावर जेवढे टक्के होते त्याहून पायथ्याला तीन टक्के जास्त दिसत होते, आणि ब्रेकला पाय लागला तो समोर एसटी आली तेव्हाच.

आणि हे घडत होतं कुठे, तर त्याच डोंगराच्या अंगावर, ज्याच्या पोटातून कोयना धरणाच्या शिवसागर जलाशयाचं पाणी पोफळीच्या वीजघरात कोसळतं. कोयनेचा १,९६० मेगावॉटचा प्रकल्प याच उतरणीवर उभा आहे. पाणी खाली येतं, वीज होते, पाणी पुढे वाशिष्ठीत जातं. आमची गाडी त्या डोंगरावरून उतरत तेच तत्त्व आपल्यापुरतं वापरत होती. मी हे शिकवत आले आहे वर्षानुवर्षं, पण पायाखाली अनुभवलं ते त्या दिवशी. एक लक्षात ठेवायचं, माथ्यावर बॅटरी काठोकाठ भरलेली असेल तर परत घ्यायला तिच्यात जागाच नसते आणि मग ब्रेकवर भार येतो. उलट पुण्याकडे चढताना ही तीन युनिटं आधी गाठीला ठेवून निघायला हवं.

खाऱ्या वाऱ्याचं काय, हा प्रश्न खरा आहे. मोटर बहुतेक ब्रेकचं काम करते म्हणून ब्रेकच्या चकत्या घासल्या जात नाहीत आणि आमच्या हवेत त्या दोन दिवसांत तांबूस होतात. भाऊजींनी सांगितल्याप्रमाणे मी मोकळा रस्ता पाहून, मोटरची अडवण कमीत कमी ठेवून, ब्रेक चांगला दाबून घेते, गंज खरवडून निघतो. फेरीबोटीच्या वेळी अजून जपावं लागतं. भरतीच्या वेळी जेटीच्या उतारावर समुद्राचं पाणी असतं आणि चाकं त्यातून जातात. घरी आल्यावर खालून विहिरीच्या गोड्या पाण्याचा फवारा मारायचा, तो आळस करून चालत नाही. गंजरोधक थर लावायचा तर बॅटरीच्या पेटीवर आणि नारिंगी जाड वायरींवर कोणी उगाच काही फासू नये, त्या वायरी उच्च दाबाच्या असतात आणि त्यांना हात लावायचं काम शिकलेल्या माणसाचंच. त्याच वायरी उंदीर कुरतडतात ही दुसरी काळजी. म्हणून भाताची पोती पडवीतून माळ्यावर गेली.

लाईटीचं म्हणाल तर ३ जून २०२० चं निसर्ग वादळ आमच्यापैकी कोणी विसरलेलं नाही. ते श्रीवर्धनच्या बाजूला किनाऱ्याला लागलं आणि दापोली-मंडणगडातली कितीतरी गावं आठवडेच्या आठवडे अंधारात राहिली. पावसाळ्यात आम्ही बॅटरी निम्म्याखाली येऊच देत नाही. चिपळूणला जाऊन येण्याएवढी वीज आजारी माणसाच्या घरात नेहमी असली पाहिजे. तरीही ज्यांच्याकडे पावसात चार-चार दिवस लाईट नसते, किंवा ज्यांना दर आठवड्याला मुंबई गाठायची असते, किंवा जे भाड्याच्या खोलीत राहतात आणि मीटर स्वतःचा नाही, त्यांनी घाई करू नये असंच मी सांगेन. हातात पैसे आहेत म्हणून ही गाडी घेण्यात अर्थ नाही, तिला रोज रात्री बांधायला जागा हवी.

खर्चाचं शेवटी सांगते, कारण सगळे तेच विचारतात. खड्डा, तांबं, वायर, आरसीसीबी, भार वाढवण्याची फी, गाडीखालचं काम, हे सगळं मिळून बरी रक्कम गेली, आणि ती गाडीच्या किमतीतच धरून भाव ठरवावा. वाडीतल्या दोन घरांनी आता गाडी बघायच्या आधी आमच्याच वायरमनना बोलावून अर्थिंग मोजून घेतलं. एका घरी खड्डा नव्याने घ्यावा लागणार आहे, दुसऱ्यांना विहिरीच्या काठाला चांगली ओली जागा मिळाली.